सोबती या पदाचा नवा पत्ता

जावककाकांचा जन्मभराचा नियम एकच होता: एका पत्रात एक विषय.

चौतीस वर्षं ते एका मोठ्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसले. आलेलं पत्र आवकेच्या वहीत चढवायचं, जाणारं जावकेच्या वहीत, आणि ज्याच्या हातात दिलं त्याची सही घ्यायची, म्हणजे पोच. या तीन गोष्टींत सगळं जग बसतं अशी त्यांची समजूत होती आणि बरीच वर्षं ते बसलंही. दोन विषय एकाच पत्रात लिहिणाऱ्या माणसाबद्दल ते आवाज खाली आणून बोलत, जसं आपण कुणाच्या घरातल्या दुखण्याबद्दल बोलतो. असं पत्र ठेवायचं कोणत्या टेबलावर? ते वाटेतच पडून राहतं आणि दोन्ही विषय मरतात. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, ते तिथेच राहिलं. निवृत्त झाले तरी शेजारीपाजारी सगळे जावककाकाच म्हणत.

त्यांची बायको गेली त्याला आठ महिने झाले होते. लेक दुसऱ्या शहरात. ती रोज सकाळी फोन करायची.

"बाबा, जेवलात काल?"

"हो."

"काय जेवलात?"

"जेवणच."

"बाबा, मी तुमचं नाव एका ठिकाणी घातलंय. घरबसल्या करायचं असतं. बारा आठवडे."

"कसलं नाव?"

लेक जरा घुटमळली. यात तिचा दोष नव्हता. "पहिल्या पानावर ई-समुपदेशन लिहिलंय. आत गेलं की डिजिटल स्व-मदत. आणि खाली बारीक अक्षरांत आंतरजालाधिष्ठित मानसोपचार."

"मग तिन्ही घेतलीस?"

"अहो, एकच आहे ते."

"एकच असतं तर तीन नावं कशाला दिली असती? लोकांना कामं नाहीत का?" मग जरा थांबून, "मला वेड लागलंय असं वाटतं का गं तुला?"

"नाही. पण गेल्या आठवड्यात फोन ठेवताना तुम्ही मला 'आपला विश्वासू' म्हणालात."

"सवय."

"आईला कधी म्हणाला नाहीत."

जावककाकांनी नाव राहू दिलं.

संगणक उघडल्यावर त्यांना पाच चौकटी दिसल्या. धडे वाचून झाले की कळवायचं 'मार्गदर्शकां'ना. रोजचं चालणं आणि झोप 'प्रशिक्षकां'ना. दर आठवड्याची प्रश्नावली, म्हणजे उदास वाटतं का, तर शून्य ते तीन, ती 'उपचारकां'ना. पासवर्ड विसरला तर 'साहाय्यक'. आणि पाचवी चौकट होती 'मनातलं', तिच्याखाली लिहिलं होतं, "इथे काहीही लिहा. तुमच्या सोबतीकडे पोहोचेल." नाव कुणाचंच नव्हतं, कारण संस्थेत उपचार करणाऱ्याने आपलं नाव सांगायचं नाही असा नियम होता.

खरं तर पाच चौकटी पाच निरनिराळ्या वर्षी पाच निरनिराळ्या माणसांनी तयार केल्या होत्या, आणि प्रत्येकाने आपल्याला सुचला तो शब्द घातला होता. त्या पाचही शब्दांमागे बसली होती एकच बाई, तिसऱ्या मजल्यावर, गाड्या लावायच्या जागेकडे तोंड केलेल्या खिडकीपाशी. तिच्याकडे अशी सेहेचाळीस माणसं होती. प्रत्येकाच्या पाचही चौकटी तिला एकाच पडद्यावर एकाखाली एक दिसत.

पण जावककाकांच्या लेखी पाच पदनामं म्हणजे पाच टेबलं. त्यांनी नवी वही घेतली, पट्टीने रेघा मारल्या आणि पाच भाग केले. पाचही जणी बायकाच आहेत हे त्यांच्या 'वाचते', 'कळवते' यावरून लक्षात आलं, तेव्हा संस्थेबद्दल त्यांचं मत चांगलं झालं. पाचही जणींची लिहायची ढब एकसारखी होती, त्याचंही त्यांना काही वाटलं नाही. एका कचेरीतली पत्रं एकसारखीच असतात. मसुदा करणारा एकच असतो.

पत्रव्यवहार सुरू झाला. प्रशिक्षकांना: "विषय: पावले. काल अकराशे." उपचारकांना नुसते आकडे. साहाय्यकांना: "विषय: पासवर्ड विसरल्याबाबत (तिसरी वेळ)." आणि 'मनातलं'मध्ये पहिले दोन आठवडे त्यांनी एकच शब्द लिहिला: "निरंक." कळवण्यासारखं काही नसलं की कचेरीत तोच लिहायचा असतो.

तिसऱ्या आठवड्यात मात्र त्यांनी लिहिलं.

"विषय: तिच्या शेवटच्या दुपारबाबत. मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. ती स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली. मी 'हं' म्हणालो. तासाभराने ती ओट्यापाशी पडलेली दिसली. तिला दवाखान्यात नेलं, तिथून ती परत आली नाही. चौतीस वर्षांत माझ्याकडून एकही आवक नोंदीविना राहिलेली नाही. ही राहिली. ती काय म्हणाली ते मला माहीत नाही. लेकीला हे सांगितलेलं नाही. आपणही हा विषय इतर टेबलांवर नेऊ नये, ही विनंती."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. सोबतीने सांत्वन वगैरे काही केलं नव्हतं. विचारलं होतं, "त्या वेळी त्या साधारण काय म्हणायच्या?"

हा प्रश्न जावककाकांना पसंत पडला. कामाचा प्रश्न होता. त्यांनी शक्यता लिहायला घेतल्या. अर्थात एका पत्रात एक.

"शक्यता क्र. १: दूध तापत ठेवलंय, बघा. (दूध ओट्यावर होतं, पण थंड होतं. तरी नोंदवतो.)"

"शक्यता क्र. ३: माझा चष्मा कुठेय? तो तिच्या डोक्यावर होता. तो नेहमी डोक्यावरच असायचा आणि ती नेहमी विचारायची. मी न बघताच 'डोक्यावर' म्हणायचो. त्या दिवशी 'डोक्यावर' म्हणालो नाही, 'हं' म्हणालो. म्हणून ही शक्यता बाद करावी का, याबाबत मार्गदर्शन व्हावं."

सोबतीने कळवलं, "बाद नको. बाजूला ठेवू."

"शक्यता क्र. ६: आज पंखा जरा कमी करा. (तिला वारा लागायचा. मला उकडायचं. निकाल कधीच लागला नाही.)"

"शक्यता क्र. ११: माझ्याबद्दल काहीतरी. ही क्षीण आहे."

पत्रागणिक एक दुपार वर यायची. बायको कपड्यांच्या घड्या घालताना काय म्हणायची, वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढली की काय म्हणायची, स्वतःशी काय आणि त्यांच्याशी काय. आणि हे सगळं वाचणारं कुणीतरी आहे, म्हणून जावककाका सकाळी दाढी करून संगणकापुढे बसू लागले. एकदा त्यांनी सोबतीला विषयाबाहेरचंही लिहिलं, अर्थात वेगळ्या पत्रात: "आपल्या शेजारच्या टेबलावरच्या प्रशिक्षकबाई मला रोज दोन हजार पावलं चाला म्हणतात. त्यांचा गुडघा कधी दुखला नसावा. हे त्यांना सांगू नये."

तिसऱ्या मजल्यावर बाईंना हे वाचून हसू आलं. आठवडाभरात पहिल्यांदाच. म्हातारा काय मिश्कील आहे, असं त्यांना वाटलं. इतक्या सरळ चेहऱ्याने केलेली गंमत त्यांना फार दिवसांत भेटली नव्हती. त्यांनीही तितक्याच सरळ चेहऱ्याने लिहिलं, "नाही सांगत. पण त्या स्वभावाने वाईट नाहीत." बाईंचे दोन्ही गुडघे दुखत असत.

चूक काही झाली असेल तर ती इथे, आणि ती दोघांनी मिळून केली.

त्याच सुमारास संस्थेत परिभाषा समिती बसली होती. वार्षिक अहवालात एकाच उपचाराला नऊ नावं आणि तो देणाऱ्या माणसाला पाच नावं सापडल्यामुळे वर कुणीतरी चिडलं होतं. कोणी 'स्व-मदत' मोजत होतं, कोणी 'समुपदेशन'. बरे किती झाले विचारलं, तर जो तो आपापल्या शब्दापुरतं उत्तर द्यायचा. तक्रार रास्तच होती. सात जणांच्या समितीने चार महिने काम केलं आणि पाचांपैकी 'मार्गदर्शक' हा शब्द ठेवला. 'सोबती' पहिल्याच बैठकीत गळाला. एक सदस्य म्हणाले, हा शब्द सहलीच्या जाहिरातीत शोभेल. मग सगळ्यांनी सहलींबद्दल अर्धा तास चर्चा केली.

एका सोमवारी जावककाकांनी संगणक उघडला, तर पाच चौकटींच्या जागी एकच होती. वर लिहिलं होतं, 'आपले मार्गदर्शक'.

त्यांच्या डाव्या हाताला कागद होता. त्यावर शक्यता क्र. १४ लिहून तयार होती. ती लिहायला त्यांना नऊ दिवस लागले होते.

बराच वेळ त्यांनी सगळीकडे शोधलं, मागे जाऊन पुढे येऊन पाहिलं. मग कागद घडी करून वहीत ठेवला आणि नवं पत्र लिहिलं: "विषय: सोबती या पदावरील व्यक्तीचा नवा पत्ता मिळणेबाबत. महोदया, चार टेबलं एकाएकी उठलेली दिसतात. बदल्या होतात, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु सोबती यांच्याकडे माझं एक प्रकरण चालू होतं. ते अर्ध्यावर आहे. त्यांनी निरोप न घेता जाणं त्यांच्या स्वभावात बसत नाही, तेव्हा त्यांना तसा वेळ दिला गेला नसावा."

बाई आधी हसल्या. मग त्यांनी ते पत्र दुसऱ्यांदा वाचलं. मग मागची सगळी पत्रं पहिल्यापासून वाचली, आणि वाचता वाचता त्यांचा चहा गार झाला. त्या उठून विभागप्रमुखांकडे गेल्या.

"यांना वाटत होतं आपण पाच जणी आहोत."

"मग आता एकच वाटेल," विभागप्रमुख म्हणाले. "त्यासाठीच तर केलं."

"त्यांना वाटतंय चौघी गेल्या."

"प्रमाण संदेश आहे ना आपला? तो पाठवा."

प्रमाण संदेश असा होता: "सर्व पदनामे मार्गदर्शक या संज्ञेत विलीन करण्यात आली आहेत." बाईंनी तो पाठवला आणि खाली स्वतःचं एक वाक्य घातलं: "सोबतीचं काम मीच बघते, पुढेही मीच बघेन."

याहून स्पष्ट काय लिहायचं? पण जावककाकांनी ते वाक्य चौतीस वर्षं वाचलं होतं. नवा माणूस खुर्चीत बसला की पहिल्या दिवशी हेच लिहायचा. याला अतिरिक्त कार्यभार म्हणतात. आणि विलीन होणं म्हणजे काय, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या कचेरीत दोन शाखा विलीन झाल्या तेव्हा तीन माणसांना जिन्याखाली टेबलं दिली होती, त्यांच्याकडे काम नव्हतं आणि दिवाही नव्हता. त्यांना सोबती तशीच कुठेतरी जिन्याखाली बसलेली दिसू लागली, पुढ्यात कोरा कागद, कान चौदाव्या शक्यतेकडे.

त्यांनी उत्तर पाठवलं: "अतिरिक्त कार्यभाराबद्दल अभिनंदन. तथापि प्रकरण मूळ व्यक्तीकडेच सोपवलं होतं." आणि त्यानंतर नऊ दिवस सगळ्या पत्रांत एकच शब्द. निरंक. पावलं निरंक, झोप निरंक, उदास वाटतं का, निरंक.

"बाबा, बरं चाललं होतं ना तुमचं?" लेकीने फोनवर विचारलं.

"चाललं होतं. बदली झाली."

"कुणाची?"

"तू ओळखत नाहीस."

आईनंतर बाबा पहिल्यांदाच कुणाचं तरी नसणं आपल्याला सांगताहेत, एवढं लेकीला कळलं. कोणाचं, ते मात्र कळलं नाही.

दहाव्या दिवशी जावककाकांनी इस्त्रीचा सदरा घातला, दोन लखोटे आणि पोचेची वही पिशवीत टाकली, पानाच्या तळाशी छापलेला पत्ता शोधला आणि बसने तिथे गेले.

खाली काचेच्या मेजामागे स्वागतिका होती.

"काका, आमचं सगळं ऑनलाइन असतं. इथे कुणी भेटत नाही."

"भेटायचं नाहीये. पोच हवी आहे."

"कसली?"

"दोन लखोट्यांची."

"द्या इकडे, ठेवते."

"सही?"

"करते की मी."

"आपण सोबती आहात का?"

स्वागतिकेला आजवर बरंच काही विचारलं गेलं होतं, हे नव्हतं. "मी? नाही हो," ती म्हणाली आणि तिने वर फोन लावला. "खाली एक काका आलेत. वही घेऊन."

लिफ्ट दुरुस्तीला होती. जावककाका बाकावर बसून जिन्याकडे बघत राहिले. वरून एक बाई उतरत होत्या, कठडा धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, मग पुढची पायरी. शेवटच्या पायरीवर त्यांनी श्वास घेतला.

"आपण?"

"मार्गदर्शक."

जावककाका उठले, वही उघडून मेजावर ठेवली आणि पहिला लखोटा पुढे केला; त्यात सोबतींचा पत्ता मागणारं स्मरणपत्र होतं. बाईंनी सही केली.

"हा दुसरा सोबतींसाठी. त्या जिथे असतील तिथे द्या आणि सही त्यांची आणा. मी थांबतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं नव्हतं. त्यांनी दुसऱ्या ओळीवरही सही केली. तीच.

"ही जागा त्यांची आहे," जावककाका म्हणाले.

"हो."

"कार्यभार असला तरी सही मूळ..."

"शक्यता तीन, चष्मा," बाई म्हणाल्या. "आपण तो बाजूला ठेवलाय. सहावी पंखा. अकरावी तुम्ही क्षीण म्हणालात. मला ती तशी वाटली नव्हती, पण तुम्ही लगेच बाराव्या शक्यतेवर गेलात. तेरा झाल्या आहेत."

जावककाकांनी वहीतल्या दोन सह्या पाहिल्या. चष्मा काढून पाहिल्या, घालून पाहिल्या.

"उपचारक?"

"मीच."

"पासवर्ड?"

"तोही मीच. सात वेळा."

"आणि प्रशिक्षक?"

बाई बाकावर बसल्या. बसताना दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. "मीच."

"त्यांच्याबद्दल मी जे लिहिलं होतं..."

"त्यांना सांगू नये म्हणाला होतात. सांगितलं नाही."

स्वागतिका फोन वाजत असूनही ऐकत होती. जावककाका बाईंच्या शेजारी बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून. काही वेळाने बाई म्हणाल्या, "मला आधीच कळायला हवं होतं. मला वाटलं तुम्ही गंमत करताय."

"मी गंमत करत नाही."

"हो, आता कळलं." त्यांनी दुसरा लखोटा मांडीवर ठेवला. "उघडू?"

"सांगतोच. लांब नाहीये." जावककाकांनी जिन्याकडे तोंड केलं. "महत्त्वाचं असलं की ती दुसऱ्यांदा सांगायची. माझ्या नुसत्या 'हं'वर तिचा विश्वास नव्हता. ओले हात घेऊन बाहेर यायची, वर्तमानपत्राच्या आणि माझ्या मध्ये उभी राहायची. त्या दिवशी ती बाहेर आली नाही. म्हणजे जे काही होतं ते महत्त्वाचं नव्हतं. चौदावी शक्यता ही आहे."

"मग बरं वाटलं?"

"लेकीला सांगितलं तर तिला वाटेल." त्यांनी सदऱ्याची बाही सारखी केली. "महत्त्वाचं सगळं मला माहीत आहे हो. ते तिने सगळं समोर येऊन सांगितलंय. मला ते बिनमहत्त्वाचंच हवंय."

बाईंनी बरेच धडे लिहिले होते. झोपेचा होता, काळजीचा होता, पश्चात्तापाचा तर दोन भागांत होता. त्या लखोट्याची कड बोटाने सरळ करत राहिल्या.

"याला आमच्याकडे काय म्हणतात, मला माहीत नाही," त्या शेवटी म्हणाल्या.

"असू दे," जावककाका म्हणाले. "इतकी नावं आहेत तुमच्याकडे, एक नसलं म्हणून काय झालं."

मग ते उठले आणि वही पिशवीत घातली. दाराशी जाऊन वळून म्हणाले, "कठडा धरून उतरता ते बरोबर आहे. पण आधी दुखऱ्या गुडघ्याचा पाय खाली टाकायचा."

"दोन्ही दुखतात."

"मग अवघड आहे," ते म्हणाले, आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या पडद्यावर त्यांचं पत्र आलं. विषय लिहायच्या जागी काही नव्हतं.

"काल दोन हजार शंभर पावलं झाली, त्यातली बरीचशी तुमचा रस्ता चुकल्यामुळे. झोप पाच तास. उदास वाटतं का याला मी नेहमी एक लिहीत आलो, ते तीन होतं; मागचे आकडे दुरुस्त करून घ्यावेत. पासवर्ड मी विसरत नव्हतो. लेकीने तो तिच्या आईच्या नावाचा ठेवलाय. मी तिला कधी नावाने हाक मारली नाही, त्यामुळे हाताला वळण नाही, टंकताना थांबायला होतं. तुम्ही दर वेळी न विचारता नवा द्यायचात (लेक पुन्हा तोच करून ठेवायची), त्याबद्दल आभार, पण यापुढे तोच राहू द्यावा. अकराव्या शक्यतेवरून मी लवकर उठलो, हे खरं. काल घरी आल्यावर वर्तमानपत्र घेऊन त्याच खुर्चीत बसलो आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून 'काय म्हणालीस?' असं विचारलं. त्या दिवशी विचारायचं राहिलं होतं. मोठ्याने विचारलं. वरच्यांनी खुर्ची ओढली, एवढंच. थोडा वेळ थांबलो, मग पंखा कमी केला. पोच द्यावी."

बाईंनी पोच दिली. "मिळालं," एवढंच लिहिलं. खाली 'आपले मार्गदर्शक' असं आपोआप उमटलं. ते पुसायची सोय नव्हती.

इकडे जावककाकांनी ते पत्र जावकेच्या वहीत चढवायला घेतलं. क्रमांक लिहिला, तारीख लिहिली. विषयाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. चौतीस वर्षांत तो रकाना कधी रिकामा गेला नव्हता. तो त्यांनी तसाच सोडला आणि शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवून बसले, एक कान स्वयंपाकघराकडे लावून.